क्रूझवर पोरांना घेऊन जाताय? मग डायनिंगवाल्यांच्या टिपचं आधी बघून घ्या

आमच्या सोसायटीत आता दिवाळीत नाहीतर मे महिन्यात एकतरी घर क्रूझला निघालेलं असतंच. कुणी कॉर्डेलियाने मुंबईहून गोवा नाहीतर लक्षद्वीप, कुणी सिंगापूरला विमानाने जाऊन तिथून रॉयल कॅरिबियन किंवा गेंटिंग ड्रीम, आणि ज्यांची बहीण-मेव्हणे अमेरिकेत आहेत ते थेट मायामीहून. मग ठाण्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर चर्चा, केबिन कुठली, बाल्कनी घ्यावी का, जैन मिळतं का, उलटीच्या गोळ्या कुठल्या. टिपबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही आणि शेवटच्या रात्री जेवताना नवरा टेबलाखालून कोपर मारून विचारतो, "अगं किती देऊ?"

तर हे नवख्यांसाठी क्रमाने लिहितेय, आणि मुद्दाम लहान मुलं असलेल्या घरांसाठी, कारण नुसतं नवरा-बायको गेलात तर वेटरला फार काम नसतं, पण दोन वर्षांचं पोर हाय चेअरवर बसलं की त्या टेबलाचं काम दुप्पट होतं आणि ते काम करणारा माणूस रोज तोच असतो.

बुकिंग करण्याआधीच विचारा: टिप धरलीय का, आणि मुलांची किती

हॉटेलात आपण बिल आलं की दहा टक्क्यांच्या हिशोबाने काहीतरी ठेवतो, बडीशेपेच्या वाटीत. क्रूझवर तसं नसतं. तिथे जेवण भाड्यातच आलेलं, म्हणजे बिलच नाही, आणि टिप माणशी रोजची अशी ठरलेली असते आणि ती आपोआप तुमच्या खात्यावर चढते. तिला ग्रॅच्युइटी म्हणतात, काही कंपन्या सर्व्हिस चार्ज म्हणतात.

उदाहरण घेऊ. रॉयल कॅरिबियनचा दर मध्यंतरी साध्या केबिनला माणशी रोज १८.५० डॉलर होता, स्वीटला, म्हणजे मोठ्या महागड्या केबिनला, २१. आणि हा आकडा माणशी आहे, म्हणजे तुमचं मांडीवरचं बाळ पण माणूसच. आईवडील, एक सहा वर्षांची आणि एक दीड वर्षाचा, चार रात्री: १८.५० गुणिले चार गुणिले चार, २९६ डॉलर झाले. डॉलर ९० रुपये धरला तर २६,६४० रुपये. हा आकडा बुकिंगच्या वेळी माहीत असेल तर काही नाही, पण शेवटच्या दिवशी केबिनच्या खात्यावर दिसला की पोटात गोळा येतो, त्यामुळे आधीच भरता येत असेल तर भरून टाका, इथे बसून कार्डाने.

सगळीकडे मुलांना सारखं नसतं बरं का. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर दोन वर्षांखालच्यांना लागत नाही, नॉर्वेजियनवर तीन वर्षांखालच्यांना नाही, एमएससीवर बाळांना काही नाही आणि लहान मुलांना मोठ्यांपेक्षा कमी. पोरगं तीनचं व्हायला महिनाच राहिला असेल तर तारीख बघून बुकिंग करा, गंमत नाही, हजारोंचा फरक पडतो. दर कंपन्या अधूनमधून वाढवतात म्हणून मी लिहिलेल्या आकड्यावर न जाता तुमच्या बुकिंगच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. कॉर्डेलियाचं असेल तरी तेच करा, किमतीचा तपशील उघडा, त्यात ग्रॅच्युइटीची ओळ आहे का, आणि असेल तर मुलांना धरून आहे का ते बघा.

टूर कंपनीकडून जाणार असाल तर अजून एक प्रश्न. सिंगापूर-मलेशियाच्या पॅकेजात क्रूझच्या रात्री घुसवलेल्या असतात आणि "टिप्स इन्क्लूडेड" असं लिहिलेलं असतं, पण ती टिप ड्रायव्हर-गाइडची आहे की जहाजाची पण, हे लिहून घ्या. फोनवर "हो हो मॅडम सगळं आहे" म्हणतात, त्याला काही अर्थ नाही, ईमेलवर घ्या.

घरून निघताना: सुट्टे

परदेशी जहाज असेल तर जहाजावर चालणारं चलन कुठलं ते बघा. रॉयल कॅरिबियनवर सिंगापूरहून निघालात तरी डॉलर अमेरिकेचे, गेंटिंग ड्रीमवर सिंगापूरचे. जहाजावर सगळं कार्डावर चालतं, केबिन उघडायचं कार्ड तेच पैशाचं कार्ड, त्यामुळे रोख लागते ती फक्त टिपसाठी. आणि तिथेच सगळ्यांची अडचण होते, कारण गोखले रोडच्या नाहीतर वाशीच्या मनी चेंजरकडे गेलात की तो शंभराच्या कोऱ्या नोटा हातात ठेवतो. आधी फोन करून सांगा की मला पाच-दहाच्या आणि थोड्या एकच्या हव्यात, दोन दिवस दिलेत तर बहुतेक जण मागवून देतात. पॅन कार्ड आणि तिकीट बरोबर न्या. नोटांमध्ये एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, टिपसाठी एवढे अर्थातच लागणार नाहीत, शंभर-सव्वाशे खूप झाले.

सुट्टे नाहीच मिळाले तर जहाजावर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर मोडून मिळतात, पण पहिल्या-दुसऱ्या दिवशीच जा, शेवटच्या संध्याकाळी तिथे दादर स्टेशनची गर्दी असते. नाणी टिप म्हणून देऊ नका, जहाजावरच्या माणसाला परकी नाणी कुठेच बदलून मिळत नाहीत. फाटक्या, पेनाने लिहिलेल्या नोटाही नकोत.

कॉर्डेलियावर रुपयेच. पण "जीपे करते" हे डोक्यातून काढून टाका. किनारा सुटला की मोबाइलचं नेटवर्क जातं, आणि ड्युटीवरच्या माणसाला फोन काढायला लावणं बरं दिसत नाही. पाचशे-दोनशेच्या नोटा बाजूला काढून ठेवा. घरातली लग्नाची उरलेली आहेराची पाकिटं असतील तर ती पण चार-पाच घ्या, कामाला येतात (एक रुपयाचं नाणं चिकटवलेली चालतील, परदेशी वेटरला कळणार नाही ते काय आहे, पण पोरं मजेत समजावून सांगतात).

पहिल्या रात्री: तुमचे कोण ते ओळखा

मोठ्या डायनिंग रूममध्ये दोन पद्धती असतात. एकात रोज ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, ठरलेले वेटर. दुसऱ्यात तुम्हाला हवं तेव्हा जा, पण मग रोज वेगळं टेबल आणि वेगळा माणूस मिळू शकतो. लहान मुलं असतील तर माझं मत स्पष्ट आहे, ठरलेली वेळ घ्या आणि लवकरची घ्या. उशिराच्या बॅचला आठ-साडेआठ होतात, मुलं गोड पदार्थ येईपर्यंत डोकं टेबलावर टाकून झोपलेली असतात.

ठरलेल्या टेबलाचा खरा फायदा टिपच्या बाबतीत आहे. तुम्हाला माणसं कळतात. टेबलावर साधारण दोघं असतात: वेटर, जो ऑर्डर घेतो आणि ताटं आणतो, आणि असिस्टंट वेटर, जो पाणी, ब्रेड, ज्यूस, सांडलेलं पुसणं हे सगळं करतो. त्यांच्यावर हेड वेटर, तो चार-सहा टेबलं सोडून येऊन "सगळं ठीक ना?" विचारतो. अॅलर्जी, जैन, उपवास, हे सगळं हेड वेटरला सांगायचं, आणि आदल्या रात्री सांगायचं. सासूबाईंची संकष्टी असेल तर जेवायला बसल्यावर नाही, आदल्या दिवशी सांगा की उद्या फक्त फळं, दही, उकडलेला बटाटा. ते करतात. साबुदाणा मागू नका.

डिस्नेच्या जहाजांवर अजून छान आहे, तिथे रोज रेस्टॉरंट बदलतं पण वेटर तेच, ते तुमच्याबरोबर फिरतात. म्हणजे दुसऱ्या रात्री त्यांना तुमच्या मुलीला बर्फ नसलेलं पाणी लागतं हे पाठ झालेलं असतं.

नावं विचारा. छातीवर बिल्ला असतो, त्यावर नाव आणि देश. गोव्याचे, केरळचे, फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे लोक खूप. गोव्याचा निघाला तर मराठी-कोंकणीत दोन वाक्यं होतातच आणि मग पोरांना भात लवकर येतो, हे मी लिहायला नको. नावं फोनमध्ये लिहून ठेवा, पुढे लागतात.

मधले दिवस: असिस्टंट वेटरकडे लक्ष ठेवा

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही. मुलांचं काम बहुतेक असिस्टंट वेटर करतो आणि पाकीट बहुतेक वेटरला मिळतं. कारण वेटर बोलतो, हसतो, रुमालाचा उंदीर करून दाखवतो, तो लक्षात राहतो. दुसरा गप्प असतो.

काय काय करतो बघा. तुम्ही बसायच्या आधी हाय चेअर लावलेली. मोठ्यांचं सूप यायच्या आधी मुलांसमोर केळ्याचे तुकडे आणि ब्रेड, कारण भुकेलं पोर दहा मिनिटं थांबत नाही हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत. तुम्ही वरणभात म्हणालात तर तो किचनमधून साधा भात आणि फिकी डाळ आणतो, वाटीत गरम पाणी वेगळं आणतो, आणि बाजूला एक रिकामी बशी ठेवतो कालवायला. पोरगं भात खाली टाकतं, रोज टाकतं, खुर्चीखाली अक्षता उधळल्यासारखं होतं, आणि तुम्ही निघाल्यावर वीस मिनिटांत तीच जागा दुसऱ्या बॅचसाठी चकाचक करायची असते. खाली वाकून तो भात वेचतो, कार्पेटमध्ये चिकटलेला भात झाडूने निघत नाही. एकदा उठताना मागे वळून बघा.

म्हणून माझा सल्ला, सगळी टिप शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवू नका. दुसऱ्या रात्री असिस्टंट वेटरच्या हातात पाच डॉलर ठेवा, कॉर्डेलियावर असाल तर दोनशे रुपये, आणि सांगा की मुलांचं बघताय त्याबद्दल. लाच नाहीये ही, तोवर एक रात्रभर त्याने काम केलेलंच असतं. आणि व्यवहाराचं बोलायचं तर पुढच्या रात्री सोप्या जातात, हेही आहेच.

देताना कसं द्यायचं यावर लोक उगाच घाबरतात. नोट दुमडून हातात, हात मिळवल्यासारखं, एक वाक्य, झालं. प्लेटखाली ठेवू नका, टेबल उचलणारा दुसराच असतो.

बफेला काय? बफेला तुम्ही स्वतः वाढून घेता म्हणून टिप नाही, असं काही नाही, तिथल्या लोकांनाही रोजच्या ग्रॅच्युइटीतून वाटा असतो. वेगळं द्यायची सक्ती नाही. पण दोन्ही हातात ताटं आणि कडेवर पोर अशा अवस्थेत कुणी धावत येऊन हाय चेअर शोधून दिली, ट्रे उचलून टेबलापर्यंत आणला, तर तिथल्या तिथे एक-दोन डॉलर द्या. त्यासाठीच एकच्या नोटा. केबिनवर रात्री दूध नाहीतर पिझ्झा मागवलात तरी आणणाऱ्याला तेच. किड्स क्लबमधल्या ताई-दादांना टिप द्यायची पद्धत नाही, मुलांनी काढलेलं चित्र दिलंत तर ते भिंतीवर लावतात.

पावतीवरची ती रिकामी ओळ

हे पटकन सांगते पण यात पैसे जातात. ज्यूस बार, मॉकटेल, कॉफी, स्पेशल रेस्टॉरंट, म्हणजे जिथे वेगळे पैसे पडतात तिथे किमतीवर टिप आधीच जोडलेली असते, रॉयल कॅरिबियनवर १८ टक्के. पोराने मागितलेल्या रंगीत सरबताच्या पावतीवर ती जोडलेलीच आहे. तरी पावतीवर खाली "अॅडिशनल टिप" अशी एक रिकामी ओळ असते आणि आपल्याकडचे लोक सवयीने तिथे दोन-तीन डॉलर भरतात. म्हणजे टिपवर टिप. खूश होऊन द्यायचीय तर जरूर द्या, पण भरायलाच हवी असं नाही, रेघ मारा आणि सही करा. चार दिवसांत मुलांची सरबतं किती होतात हे आईबापांनाच माहीत.

ऑटोमॅटिक टिप काढून टाकायची का?

प्रत्येक ग्रुपमध्ये एक काका असतात जे सांगतात, "गेस्ट सर्व्हिसला जाऊन ती काढून टाकायची आणि आपल्या वेटरला रोख द्यायची, त्यालाच मिळतात ना मग." ते स्वतः भारतातल्या हॉटेलांच्या सर्व्हिस चार्जशी भांडलेले असतात. आणि तिथे त्यांचं बरोबरही असतं, जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना सांगितलं की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. पण बहामाजचा झेंडा लावलेल्या जहाजावर जाऊन हे कागद दाखवण्यात अर्थ नाही.

बऱ्याच कंपन्यांमध्ये काउंटरवर सांगून ती रक्कम कमी करता येते हे खरं आहे. तरी मी म्हणेन करू नका. त्या पैशातला भाग तुमच्या वेटरला जातो तसा तुम्हाला कधीच न दिसणाऱ्या लोकांनाही जातो, खालच्या मजल्यावर ताटं धुणारे, बफेची भांडी भरणारे, केबिन साफ करणारे. तुमच्या बाळाची दुधाची बाटली धुवायला गरम पाणी देणारा कोण ते तुम्हाला माहीत पण नसतं. सागरी कामगार कराराप्रमाणे या लोकांना दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास काम देता येतं, म्हणजे चौदापर्यंत चालतं, आणि एकेक कॉन्ट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं असतं. नेरूळ-बेलापूरला ज्यांच्या शेजारी जहाजावरची मुलं राहतात त्यांना हे सांगायला नको, आई सहा-सहा महिने व्हिडिओ कॉलवरच बघते पोराला.

सर्व्हिस खरंच वाईट असेल तर तक्रार पहिल्या-दुसऱ्या रात्रीच हेड वेटरकडे करा, टेबल बदलून मागा. चार रात्री गप्प बसून पाचव्या दिवशी टिप कापणं हा काही मार्ग नाही, त्यात माणसाला सुधारायची संधी पण मिळत नाही आणि तुमचीही जेवणं वाया जातात.

मग वर किती द्यायचे

ग्रॅच्युइटी भरलेली असेल तर वर एक पैसा न देता उतरलात तरी तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. खाली आहे तो माझा अंदाज, तीन-चार रात्रींची क्रूझ आणि दोन लहान मुलं असा.

वेटरला वीस डॉलर, असिस्टंट वेटरला पण वीसच, आधी दिलेले पाच धरून. बऱ्याच ठिकाणी असिस्टंटला कमी द्यायचं सांगतात, मी मुलं असतील तर सारखं द्या म्हणते, कारण वर लिहिलं. हेड वेटरने काही खास केलं असेल, म्हणजे अॅलर्जीचं जेवण स्वतः लक्ष घालून करून आणलं, वाढदिवसाला सगळा स्टाफ जमवून गाणं म्हटलं, तर दहा, नाहीतर हसून थँक्यू. कॉर्डेलियावर वेटर-असिस्टंट दोघांना पाचशे-पाचशे चांगले दिसतात. बरोबर दोन-तीन कुटुंबं एकाच टेबलावर असतील तर पहिल्याच दिवशी ठरवा की एकत्र काढायचे, एकजण गोळा करेल. नाहीतर शेवटच्या रात्री एक जण देतो, बाकीचे मेनूकार्ड वाचत बसतात, आणि ते विमानतळापर्यंत धुमसत राहतं.

टूरच्या ग्रुपमध्ये टूर मॅनेजर सगळ्यांकडून काढून देतो, तिथे त्यात भर घालायची गरज नाही. मुलांचं करणाऱ्याला मात्र तुमचं वेगळं छोटं द्या, ग्रुपच्या पैशात त्याचं नाव नसतं.

शेवटची रात्र

पाकिटं दुपारीच केबिनमध्ये भरा. वर नाव लिहा, आत नोट आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी मुलांना लिहू द्या, वाकडीतिकडी चालते, मराठीत लिहिली तरी चालते. गेस्ट सर्व्हिसकडे पण कोरी पाकिटं मिळतात, डिस्नेवर शेवटच्या रात्रीसाठी मुद्दाम देतात.

द्यायची वेळ गोड पदार्थ संपल्यावर, कॉफी यायच्या आधी. त्यानंतर वेटरांची पुढच्या बॅचची धावपळ सुरू होते आणि मुलांना शू लागते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. मुलांच्या हातून द्या पण मुलाला ढकलू नका, लाजलं तर तुम्ही द्या. आणि सकाळच्या नाश्त्याला देऊ म्हणून थांबू नका, उतरायच्या दिवशी नाश्त्याला बहुतेक वेगळ्याच सेक्शनमध्ये बसवतात, तुमचा वेटर दुसऱ्या टोकाला कुणाला तरी ऑम्लेट देत असतो.

घरी आल्यावर कंपनीचा फीडबॅकचा ईमेल येतो, तो आपण सगळे डिलीट करतो. हा नका करू. त्यात वेटर आणि असिस्टंट दोघांचं नाव, देश, टेबल नंबर लिहा, फोनमध्ये लिहून ठेवलेलं इथे कामाला येतं. नाव घेऊन केलेलं कौतुक त्यांच्या साहेबांपर्यंत जातं.

रात्री झोपण्यापूर्वी टीव्हीवर नाहीतर अॅपमध्ये केबिनचं खातं उघडून बघा. आधी भरलेली ग्रॅच्युइटी परत चढलीय का, दीड वर्षाच्या बाळाची लागायची नसताना लागलीय का, सरबतांच्या पावत्या बरोबर आहेत का. चूक असेल तर रात्रीच काउंटरवर जा, एकाने मुलांना झोपवा, एकाने रांगेत उभं राहा, जहाजावरून उतरलात की ते पैसे ईमेलने परत मागत महिने जातात. आणि गडबडीत एखादं पाकीट द्यायचं राहून गेलंच, तर वर माणसाचं नाव, डायनिंग रूम आणि टेबल नंबर लिहून त्याच काउंटरवर द्या, त्याच्याकडे पोचवतात.